वीतभर रेशमी वाकळ: बघायची कशी?

सुईदोरा (धागा काढणारी)

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या एका काकूंनी आमच्या बाहेरच्या खोलीतल्या भिंतीकडं बघून विचारलं, "हा रुमाल का गं टांगलाय?" आतून आईचा आवाज आला, "रुमाल न्हवं, वाकळ हाय ती." काकू म्हणाल्या, "एवढ्याशा वाकळीत मांजराचं पिल्लू तरी मावंल का?" सगळ्या हसल्या, आईसुद्धा हसली. वाण घेऊन काकू गेल्या, पण मला ते लागून राहिलं. काकूंचा दोष नाही. मलासुद्धा पहिली दोन वर्षं त्या तुकड्यांकडं कसं बघायचं ते कळत नव्हतं. म्हणून हा धागा.

नऊ इंच रुंद, अकरा इंच उंच. सगळं रेशीम, सगळं हातानं. असे अकरा तुकडे आईनं आजवर शिवलेत. वय बहात्तर, माहेर तासगाव तालुक्यातलं. मोठ्या वाकळी तिनं लहानपणापासून शिवल्या, पण त्या लुगड्याच्या, धोतराच्या. रेशमाला कात्री लावायचं पाप तिच्या हातून कधी झालं नसतं. ते पाप कृष्णेनं करवून घेतलं.

आम्ही सांगलीच्या गावभागातले. २००५ चं पाणी जिथवर चढलं होतं ती रेघ आमच्या भिंतीवर दोनदा रंग देऊनही दिसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी वाढू लागलं तेव्हा साड्यांची ट्रंक आम्ही त्या रेघेच्या हातभर वर, फळीवर चढवली आणि निर्धास्त मनानं विश्रामबागेत मावशीकडं गेलो. पाणी त्या रेघेच्याही वर गेलं. आठवड्यानं ट्रंक उघडली तर आत गाळाचं पाणी. आईचा लग्नातला शालू, दोन इरकली, शिवाय एक हळदी रंगाची साडी, एक मोरपंखी धूपछाव आणि आजीचं नऊवारी. इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी. विणताना दोन्हींचे उभे धागे एकमेकांत अडकवून जोडतात, त्याला टोप-तेणी म्हणतात. अंगाला काळी बुरशी धरली होती. पदर टिकला, पण त्याचा तांबडा रंग शेजारच्या हळदी साडीवर जाऊन बसला तो बसलाच. बोहारणीला दाखवलं. ती म्हणाली, "वहिनी, ह्यावर भांडं न्हाई, चमचा घ्या."

आईनं चमचा घेतला नाही. साड्या सावलीत वाळवल्या, वर्षभर एका पिशवीत ठेवल्या आणि एका दुपारी माझ्या मुलीच्या कंपासमधली पट्टी घेऊन बसली.

आता बघण्याबद्दल. ही वाकळ ट्यूबलाइटखाली अगदी सपाट दिसते, काकूंना रुमाल वाटला तो त्यामुळंच. सकाळी आठच्या सुमारास खिडकीतून तिरपा उजेड येतो तेव्हा बघा. धावदोऱ्याची ओळ जिथं गेली तिथं कापड दबून सरी पडते आणि दोन ओळींमध्ये वरंबा उठतो. सुती वाकळीतही हे होतंच, पण रेशमात प्रत्येक वरंब्याच्या माथ्यावर उजेडाची रेघ चालते. रेशमाचा तंतू गोल नसतो, जवळजवळ तिकोनी असतो, लोलकासारखा. त्यामुळं उजेड एकाच जागी ठरत नाही. आईला हे लोलकाचं माहीत नाही. ती नुसती म्हणते, "रेशीम हाललं की बोलतंय."

आणि धूपछावचं तर काय सांगू! त्या मोरपंखी साडीत उभा धागा निळा, आडवा हिरवा. आईनं तिचे दोन सारखे चौकोन कापले. एक होता तसा लावला, दुसरा चतकोर फिरवून शेजारी. बघणारा प्रत्येक जण विचारतो, ह्या दोन साड्या का? खिडकीपासून दारापर्यंत चालत गेलं की निळ्याचा हिरवा आणि हिरव्याचा निळा होतो. मोठ्या वाकळीत एवढ्या जवळून कोण बघतं? लहान आहे म्हणून माणूस नाक लावतो.

पाठही बघा. मागं जुनी मलमल आहे आणि टाक्यांचा खरा हिशेब तिथं लिहिलाय. मी इंच लावून मोजले, बहुतेक ठिकाणी इंचाला नऊ-दहा टाके. मधेच दोन ओळी मोठ्या आणि तिरक्या. विचारलं तर म्हणाली, "तवा लाईट गेलती, पण हात थांबंना."

फोटो खाली टाकलेत, "आर्ट क्विल्ट, रेशमाची" ह्या नावानं (आर्ट क्विल्ट म्हणजे पांघरायला नाही, बघायला शिवलेली वाकळ). धूपछाव फोटोत येत नाही, तीन दिवस धडपडले. तुमच्याकडं असलं काही आहे का? कुणी शिवतं का?

पोवईनाका

सुंदर! तिसरा फोटो झूम करून बघितला. दुसरा आणि चौथा दिसत नाहीत, लिंक तपासा.

बेरकीबाब्या

ताई, "आर्ट क्विल्ट, रेशमाची" म्हणजे आर्ट सिल्कची का? मारुती रोडला आर्ट सिल्क म्हटलं की गिऱ्हाईक पाठ फिरवतंय. 😀

सुईदोरा

@पोवईनाका, लिंक दुरुस्त केली.

@बेरकीबाब्या, आईलासुद्धा पहिल्यांदा तसंच वाटलं होतं! भाची फोनवर म्हणाली, "मावशी, हे आर्ट आहे." आई लगेच, "आर्ट न्हाई, खरं हाय, जाळून बघितलंय." ते आर्ट म्हणजे आर्टिफिशियल, रेयॉन वगैरे.

जाळून बघणं खरंच उपयोगी आहे, कारण जुन्या ट्रंकेतलं प्रत्येक चमकणारं कापड रेशीम नसतं. कडेचे दोन धागे काढायचे, चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यायचे. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझतं आणि काळा मणी राहतो तो बोटानं चुरडता येतो. रेयॉन कागदासारखं भसकन जळून राख होतं. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा मणी टणक, चुरडत नाही. मोरीत करा, पडद्याजवळ नको.

शंकासुर

मला सगळ्यांच्या पंक्तीत न बसण्याची सवय आहे म्हणून विचारतो. वाकळ पांघरायची असते. पांघरता येत नाही ती वाकळ कसली? उद्या वीतभर नांगर करून भिंतीवर टांगाल आणि म्हणाल, नांगराकडं बघायचं कसं. ज्या बायका दारोदार फिरून वाकळी शिवून देतात त्यांच्या कामाला कुणी आर्ट म्हणत नाही. रेशीम आलं, भिंत आली की लगेच कला. आईंच्या कौशल्याबद्दल आदर आहे, शब्दाबद्दल तक्रार आहे.

जतकर

आमच्या भागात कौदी म्हणतात, कानडीच शब्द. आमची आज्जी कौदीचा शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी जोंधळ्याचे चार दाणे आत टाकायची. का म्हणून विचारलं तर "उपाशी नगं" एवढंच. लहानपणी मी रात्री ते दाणे बोटांनी चाचपत झोपायचो.

उत्तर कन्नडमध्ये, यल्लापूर-हल्याळकडं सिद्दी लोक राहतात, आफ्रिकी वंशाचे. त्यांच्या बायकांच्या कौदीची रीत वेगळी. त्या कडेपासून सुरू करतात आणि चहूबाजूंनी फिरत फिरत मधे येतात. तुकडा आधी जोडून घ्यायचा नाही, ठेवायचा, कड दुमडायची आणि त्याच टाक्यात सगळे थर शिवत पुढं जायचं. कोपऱ्यांना तिकोनी तुकड्यांची फुलं लावतात. फूल नसेल तर कौदी पुरी झाली असं धरत नाहीत. आता ह्या फुलाचा थंडीशी काय संबंध शंकासुरराव? शून्य. पांघरायच्या वस्तूतसुद्धा नुसतं बघायला म्हणून काहीतरी असतंच की.

शंकासुर

@जतकर, मुद्दा मान्य. पण फूल कौदीवर होतं, कौदीखाली माणूस होता.

हिमकण

मी सध्या इंग्लंडमध्ये, मूळची कराडची. इथल्या क्विल्ट करणाऱ्यांच्या मंडळात महिन्यातून एकदा जाते, म्हणून थोडी भर.

इथल्या क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात रेशमी तुकड्यांचं एक पांघरूण आहे, त्यावर १७१८ साल घातलंय. साल घातलेलं ब्रिटनमधलं ते सगळ्यात जुनं पॅचवर्क. पद्धत अशी की प्रत्येक आकार आधी कागदाचा कापायचा, रेशीम त्यावर दुमडून कच्च्या टाक्यांनी धरायचं आणि मग कडेला कड लावून बारीक टाक्यांनी जोडायचं. रेशीम घसरतं, कागद त्याला ताठ ठेवतो. काम झाल्यावर कागद काढतात, पण ह्या पांघरुणात ते आत राहिलेत. तीनशे वर्षं! मंडळात त्याची स्लाइड दाखवली तेव्हा एक आजीबाई म्हणाल्या, मला रेशमापेक्षा त्या कागदांवर काय लिहिलंय ते वाचायचंय.

शंकासुर म्हणतात तो वाद तिकडंही होऊन गेलाय. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमनं अमेरिकी क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या, तेव्हा त्या पांघरायच्याच होत्या, घराघरांत शिवलेल्या. लोकांनी त्या आकाराकडं, रंगाकडं बघितल्या. मग भिंतीसाठीच शिवणारे वाढले. १९८९ मध्ये इव्हॉन पोर्सेला यांनी आर्ट क्विल्ट करणाऱ्यांची संघटना काढली. त्यांची आजची व्याख्या सैल आहे: थर असावेत, शिवलेले असावेत, किंवा त्या रचनेची आठवण तरी करून देणारं असावं. ऊब हा शब्द त्यात नाही.

पण तेव्हाही बऱ्याच जणी म्हणाल्याच, की भिंतीवर लावताना शिवणारीचं नाव का नाही लिहिलं? तक्रार शब्दाची नव्हती, नावाची होती.

शंकासुर

हे मात्र पटलं. नाव लिहा. आणि मजुरी.

सुईदोरा

@शंकासुर, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला, आणि काल आमच्या गल्लीत वर्षाआड वाकळी शिवायला येणाऱ्या मावशी आल्या होत्या त्यांनाही. त्या अंगणात ताडपत्री अंथरून बसतात, दाभणाएवढ्या सुईनं भराभर. त्यांना आईची नऊ इंची दाखवली. उलटी केली, पाठ बघितली (सुलटी बाजू नंतर!), अंगठ्यानं दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "ही वाकळ न्हवं आक्का, वाकळीची भावली हाय. पर टाका खरा हाय."

आई खूश. मीही. भावली म्हणजे बाहुली. बाहुलीला कुणी "हिला स्वयंपाक येतो का" विचारत नाही.

मजुरीचं तुमचं म्हणणं डोक्यात बसलंय. मावशी एका वाकळीचे जेवढे घेतात तेवढ्यात शहरातल्या मॉलमध्ये उशीचा अभ्रा येत नाही. ह्या वेळी आम्ही जास्त दिले. त्यांनी मोजले, जास्तीचे परत केले आणि चहा मागितला. ते पैसे शेवटी धान्याच्या रूपात गेले. असो.

तुंबा

मी मिरजेचा. आमच्याकडं तंबोऱ्यांचा, सतारींचा धंदा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते सगळ्यांनी पेपरात वाचलं असेल, पण वाद्याच्या गवसणीकडं कोण बघतं? जुन्या घरांत तंबोऱ्याची गवसणी घरातल्या बायका शिवायच्या. आत कापसाचा थर, वर लुगड्याचं कापड, धावदोरे घालून. भोपळ्याच्या गोलाईवर सपाट कापड बसवायचं म्हणजे कळ्या कापाव्या लागतात. आमच्या आजोबांच्या तंबोऱ्याची गवसणी खणाची आणि जुन्या रेशमी पदराची आहे. गवई वाद्याला हात लावू देतील, गवसणी धुवायला देणार नाहीत.

आजीचाबटवा

@तुंबा, तुम्ही माझ्या तोंडचा घास पळवलात. मी हेच लिहायला आले होते की लहान, रेशमी, हातानं शिवलेलं आपल्याकडं नवीन नाहीच. बाळाची कुंची घ्या. खणाची, जरीच्या काठाची, मागं पाठीवर उतरणारा तो झूल. बाळ घालणार किती, चार-सहा महिने. पण आजी तिला अस्तर लावणार, गोट लावणार, कपाळाशी टिकल्या, मोती लावणार. ऊब तर साध्या टोपड्यानंही येते. मग चंची! पानसुपारीची, कप्प्यावर कप्पा, उलगडत गेली की संपतच नाही, प्रत्येक कप्पा वेगळ्या तुकड्याचा. पोथीचं बासन. देवाच्या चौरंगावरचं आसन. ह्या सगळ्या वस्तू आपण वापरल्या आणि विसरलो, कारण त्यांना टांगायची पद्धत नव्हती. सुईदोरांच्या आईंनी टांगली एवढाच फरक.

माझ्या सासूबाईंची चंची माझ्याकडं आहे. तीत आता एसआयपीची कागदं ठेवते. 🙂

टीपमशीन

धागा वाचून हात शिवशिवले. मी मशीनवर शिवते, हातशिलाईची सवय नाही. काही प्रश्न: सुई कोणती? रेशमाच्या दशा निघतात त्याचं काय करता? आणि आत काय भरलंय? मी एकदा सिल्कचे चौकोन जोडायला घेतले तर शेवटी चौकोन चौकोन उरले नाहीत, पतंग झाले.

सुईदोरा

आईला शेजारी बसवून लिहितेय.

सुई बारीक, दहा किंवा बारा नंबर. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, हे दुकानदारालाही कधी कधी सांगावं लागतं. जाड सुईनं रेशमात भोक पडतं ते मिटत नाही. त्यामुळं उसवायची सोय नाही, सुतीसारखं "परत घालू टाका" चालत नाही. टाचणीसुद्धा फक्त शिवणीच्या आतल्या दुमडीत टोचायची, उघड्या अंगावर नाही.

पतंग होण्यावर उपाय: रेशीम कापायच्या आधी त्याच्या पाठीला मलमल लावून घ्यायची. आई दोन्ही एकत्र पसरते, उभ्या धाग्याशी उभा धागा जुळवते, कच्चे टाके घालून धरते आणि मग एकत्रच कापते. पाव इंचाऐवजी अर्धा इंच माया (शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड) ठेवते, कारण दशा निघणारच. तेवढ्यात पोट भरतं त्यांचं. चिकटवायची फ्यूजिंग मी आणून दिली होती. तिनं एक तुकडा करून बघितला आणि म्हणाली, "पुठ्ठा झाला." खरंच, रेशमाची वळण्याची सवय जाते.

आत जुन्या फलाटणीचा (मऊ फ्लॅनेलचा) एकच थर. पिंजलेला कापूस घातला तर एवढ्याशा वाकळीला बाळसं येतं आणि टाके मोठे पडतात.

दोरा सगळ्यात मजेशीर. ती विकतचा रेशमी दोरा फक्त जोडायला वापरते. वरचे धावदोरे त्याच साडीच्या काठातून, पदराच्या दशांतून काढलेल्या धाग्यांचे. बंगालात कांथा करणाऱ्या बायका जुन्या साडीच्या काठाचे रंगीत धागे असेच काढून वापरायच्या. आईनं कांथा आयुष्यात बघितली नव्हती. धागा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की ओढताना पिसारतो. बोटात अंगुस्तान घालत नाही, बजावून झालं.

बेरकीबाब्या

जरीचं काय केलं ओ? आमच्या विट्याची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलीत. जुनी जरीची साडी दिसली की आम्हाला चांदीच दिसती.

सुईदोरा

शालूची जरी खरी निघाली, चांदीच्या तारेची, आत रेशमाचा धागा. पाण्यानं काळवंडली. एकानं गाळायला मागितली, थोडेफार पैसे आले असते. आईनं काळी जरी तशीच ठेवली आणि सातव्या तुकड्यात खाली आडवी पट्टी म्हणून लावली. घासून उजळली नाही. मला तो तुकडा सगळ्यात आवडतो, तिला नाही.

धुकंधुकं

साताऱ्याहून. मनातलं दुःख सांगते. माझ्या आत्यानं तिच्या धर्मवरम साडीतून मला लग्नात असाच छोटा तुकडा करून दिला होता, त्यावर तुळशीवृंदावन. मी हौसेनं एका फ्रेमवाल्याकडं दिला. त्यानं काय करावं? मागून पूर्ण डिंक लावून हार्डबोर्डवर चिकटवला आणि वरून काच दाबून बसवली. सगळे वरंबे भुईसपाट. दोन पावसाळ्यांत काचेच्या आत बुरशीचे ठिपके. काढायला गेले तर कापड बोर्डाबरोबर सोलून आलं. आत्या आता नाही. तेव्हा कुणीतरी सांगितलं असतं तर!

हिमकण

@धुकंधुकं, वाचून कसंतरी झालं. बोर्डासकट ठेवा, फेकू नका. मलमलीत गुंडाळून सपाट ठेवलात तरी निदान आणखी बिघडणार नाही.

इतरांसाठी: चिकटवायचं नाही, काच कापडाला टेकू द्यायची नाही. मागं वरच्या कडेला नेफा शिवायचा, अगदी परकराला असतो तसा, आणि त्यातून काठी घालून टांगायचं. वजन सगळ्या रुंदीवर सारखं पडतं. ऊन नको, रेशमाचा सगळ्यात मोठा शत्रू उजेडच. म्हणजे सुईदोरा म्हणतात तो सकाळचा तिरपा उजेड थोडा वेळच, मग पडदा ओढा. माझ्या मंडळात एकीकडं चार तुकडे आहेत, ती एक टांगते आणि तीन झोपवते, दर दोन महिन्यांनी पाळी बदलते.

जुनं रेशीम निवडतानाही जपा. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत एक लबाडी चालायची. कच्च्या रेशमावर सेरिसिन नावाचा नैसर्गिक डिंक असतो, तो उकळून काढला की वजन साधारण पाव हिश्श्यानं घटतं. रेशीम तोलून विकायचं, मग घट भरून काढायला कथलाच्या क्षारात बुडवायचे. कापड जड, सळसळणारं, गिऱ्हाईक खूश. त्या क्षारांनीच पुढं तंतू खाल्ले. त्या काळच्या क्रेझी क्विल्ट (वेड्यावाकड्या आकाराचे तुकडे जोडलेल्या) बघाल तर शेजारशेजारच्या दोन तुकड्यांपैकी एक ठणठणीत आणि एक चिंध्या होऊन गळतोय. शिवणारीचा काही दोष नाही.

आजीचाबटवा

झोपवलेल्यांत डांबराच्या गोळ्या टाकू नका, जरी काळी पडते. वेखंडाची पुरचुंडी घाला. आणि दर चार-सहा महिन्यांनी घडी मोडून नव्या जागी घाला, रेशीम घडीवरच चिरतं. वीतभर असेल तर घडी कशाला, सपाटच ठेवा.

पोवईनाका

आता सगळे फोटो दिसले. एक शंका. पाचव्या फोटोतला तुकडा उलटा टांगलाय का? तांबड्या डागाचा जाड भाग वर आहे आणि फिकट कड खाली. पुराचं पाणी म्हणायचं तर खाली दाट हवं ना? की माझंच डोकं उलटं?

सुईदोरा

तुमची नजर पक्की. आम्ही सगळ्यांनी हेच सांगितलं आईला. तो हळदी साडीचा तुकडा, त्यावर इरकलीचा रंग उतरलाय. तिनं डाग कापला नाही, त्याच्या कडेकडेनं धावदोरे घातले, एकेक ओळ गव्हाएवढ्या अंतरानं. नेफाही तिनंच शिवलाय, त्यामुळं चुकून उलटा नाही.

"हे पाणी न्हाई," म्हणाली. "मग काय?" तर म्हणे, "पळस." तासगावच्या रानात, तिच्या माहेरच्या बांधावर. मी पाच वर्षं त्यात पूर बघत होते.

जतकर

आता बघतोय तर पळसच दिसतोय राव. मगाशी पूर दिसत होता.

शंकासुर

मला अजून डागच दिसतोय. पण प्रत्यक्ष बघायला आवडेल, सकाळी आठला.

टीपमशीन

विकतात का? किंमत?

सुईदोरा

विकत नाही. दोन दिल्या, एक भाचीला आणि एक वाकळवाल्या मावशींना (त्यांनी मागून घेतली, नातीच्या बाहुलीवर घालणार म्हणाल्या. म्हणजे शंकासुरराव, एक तरी पांघरली जाणार). एकीला सव्वा-दीड महिना लागतो, रोज दोन तास, तेही डोळ्याची तक्रार नसेल तर. त्याची किंमत कशी काढायची मला कळत नाही. कळली तर आधी मोठ्या वाकळीची काढू.

ज्यांना बघायचंय त्यांनी येत्या रविवारी सकाळी या, मेसेज करा, पत्ता कळवते. आठ ते नऊ उजेड असतो, नंतर समोरच्या इमारतीची सावली पडते. बाराव्या तुकड्याला जुनी मलमल कमी पडतेय, धुऊन मऊ झालेली, कुणाकडं असेल तर घेऊन या. नवी कोरी नको, आई परत पाठवते.

तुंबा

गवसणी घेऊन येतो. तंबोरा नाही आणत, फक्त गवसणी.

बेरकीबाब्या

आठला? रविवारी? बरं. चहा आहे न्हवं?